साधन आणि त्याचें वर्णन

एखादें साधन घडविणें हें एक काम आहे. आणि ज्यानें तें घडविलें नाहीं त्याच्या हातीं तें बिनधोक चालावें असें त्याचें वर्णन लिहिणें, हें अगदीं निराळें काम आहे. संगणकाच्या इतिहासांत पहिल्या कामाची कीर्ति पुष्कळ झाली, दुसऱ्याची फारशी झाली नाहीं. आज मात्र या दुसऱ्या कामास एकाएकीं महत्त्व आलें आहे. तें कां आलें, हें आपण पाहूं.

प्रारंभ इंग्लंडांत होतो. चार्ल्स बॅबेज यांच्या ‘ॲनालिटिकल इंजिन’ या नियोजित गणकयंत्रावर मेनाब्रेआ या इटालियन गृहस्थांनीं फ्रेंच भाषेंत एक निबंध लिहिला होता. एडा लव्हलेस या विदुषीनें १८४३ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें व त्याला स्वतःच्या टीपा जोडल्या. त्या मूळ निबंधाच्या जवळजवळ तिप्पट भरल्या. बर्नुली संख्या काढण्यासाठीं यंत्रानें कोणती क्रिया कोणत्या क्रमानें करावी, याचें कोष्टकच त्यांत होतें. यंत्र कधीं पुरें झालें नाहीं. परंतु वर्णन इतकें नेटकें होतें कीं, न बांधलेल्या यंत्राची चाल अभ्यासकाला आजहि कळते.

पुढें १९४९ च्या मे महिन्यांत केंब्रिज येथें ‘एड्सॅक’ हा संगणक चालूं झाला. दर गणितासाठीं साऱ्या आज्ञा नव्यानें लिहिणें परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून वारंवार लागणाऱ्या आज्ञांचे तयार संच करून तेथील मंडळींनीं त्यांचा एक संग्रह उभारला, आणि मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनीं १९५१ सालीं त्याची माहिती ग्रंथरूपानें दिली. दुसऱ्याच वर्षीं व्हीलर यांनीं पिट्सबर्ग येथील एका सभेंत निबंध वाचला. त्यांत त्यांनीं असें मत मांडलें कीं, संच लिहून व तपासून झाला म्हणजे काम संपलें असें नव्हे. आंतील रचना ठाऊक नसलेल्यासहि तो सहज वापरतां येईल असें वर्णन लिहावयाचें उरतेंच, आणि कदाचित् तेंच सर्वांत अवघड असतें. हें मत बाहेरच्या टीकाकाराचें नसून स्वतः आज्ञा लिहिणाऱ्याचें आहे, म्हणून त्याची किंमत अधिक.

१९७१ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांची युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका निघाली. तिच्यांत आज्ञांची माहिती ठराविक मथळ्यांखालीं दिलेली होती: नांव, लिहिण्याची रीत, वर्णन, चुकीच्या वेळचे संदेश, आणि ‘दोष’ असाहि एक मथळा होता. आपल्या मालाची खोड दुकानदार पाटीवर लिहीत नाहीं. येथें कर्त्यांनींच ती छापून ठेविली.

मात्र आजवर या वर्णनांचा वाचक माणूस होता. अडल्यास तो शेजाऱ्याला विचारी, करून पाही, आणि अर्धवट लिहिलेलें आपल्या अनुभवानें भरून काढी. आतां वाचक पालटला आहे. जून २०२३ मध्यें ओपनएआय कंपनीनें आपल्या कृत्रिम बुद्धीच्या प्रणालींना बाहेरचीं साधनें बोलावण्याची सोय दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें त्यासाठीं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत जाहीर केला. त्यांत साधनाचें नांव, त्याचें वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावयाची, एवढें दिलेलें असतें. तेवढ्यावरून आपल्या वतीनें काम करणारा हा ‘एजंट’, म्हणजे यांत्रिक मुखत्यार, कोणतें साधन उचलावयाचें तें ठरवितो. साधनाचें अंतरंग त्याला बहुधा दिसत नाहीं.

एक घरगुती कल्पना करूं. चौघांचें एकच रेल्वेचें तिकीट आहे. त्यांतील आजोबा आजारी पडल्यामुळें त्यांचें जाणें राहिलें. साधनाच्या वर्णनांत ‘तिकीट रद्द करतें’ एवढेंच आहे. खिडकीवरचा कारकून विचारील, “एकाचें कीं चौघांचें?” मुखत्यार विचारीलच असा भरंवसा नाहीं, आणि चौघांच्याहि जागा जातील. म्हणून वर्णनांत स्पष्ट लिहावें: या साधनानें सर्वांचें आरक्षण जातें, एकाचेंच काढावयाचें असेल तर अमुक साधन घ्यावें, एकदां रद्द केलेलें परत मिळत नाहीं, तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमानें द्यावी. कारण ३-४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, तर अमेरिकेंत चार मार्च.

यांत नवें शास्त्र कोणतें? व्हीलर यांनीं जें काम अवघड म्हटलें, तेंच हें. आणि युनिक्सच्या ‘दोष’ या मथळ्यांतला प्रामाणिकपणाहि तोच. फरक इतकाच कीं, पूर्वी संदिग्ध वाक्यामुळें वाचकाचा वेळ जात असे, आतां दुसऱ्याच कोणाचें नुकसान होतें. प्रश्नपत्रिका काढण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आम्हां शिक्षकांना हा न्याय परिचयाचा आहे. प्रश्न दुहेरी अर्थाचा असेल तर चुकल्या उत्तराचे गुण विद्यार्थ्याचे कापूं नयेत. प्रश्न काढणाऱ्याचे कापावे.