पाथरवटाचे शिक्षण आणि सुरक्षितता : महाराष्ट्रातील दगडी बांधकामपरंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या बहुतांश भूभागावर ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला काळा पाषाण पसरलेला आहे. दक्षिण कोकणात त्याच्या जोडीला जांभा दगड आढळतो. लेणी, मंदिरे, बारवा, नदीकाठचे घाट, किल्ले आणि रेल्वेचे पूल अशा सुमारे दोन हजार वर्षांच्या बांधकामाचा आधार हाच दगड आहे. या वास्तूंचे आश्रयदाते, शैली आणि कालनिश्चिती यांविषयी विपुल संशोधन झालेले आहे. परंतु ज्या हातांनी हा दगड फोडला, घडविला आणि रचला, त्या हातांना हे कौशल्य कोणी शिकविले आणि काम करताना त्यांनी स्वतःचा जीव कसा सांभाळला, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. पारंपरिक व्यवस्थेत दगड घडविण्याचे शिक्षण आणि सुरक्षित राहण्याचे शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आलेल्या कंत्राटी पद्धतीने व नव्या तांत्रिक शिक्षणाने त्यांची फारकत केली. पुढील काळातील कायद्यांनी ही दरी नुकसानभरपाईने भरून काढण्याचा प्रयत्न केला. ती शिक्षणाने भरली गेली नाही. हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

अपूर्ण लेणी : कार्यपद्धतीचा पुरावा

प्राचीन कारागिरांनी आपल्या कामाविषयी लिहून ठेवलेले नाही. कान्हेरी येथील मोठ्या चैत्यगृहातील शिलालेखात दात्यांबरोबर 'सेलवढकी' म्हणजे पाथरवटांचा उल्लेख येतो, ही दुर्मीळ बाब मानली पाहिजे. वेरूळच्या कैलास लेण्याविषयी राष्ट्रकूटांच्या बडोदा ताम्रपटात (इ.स. ८१२-१३) असे वर्णन आहे की, हे काम आपल्या हातून कसे घडले याचे प्रत्यक्ष शिल्पकारालाच आश्चर्य वाटले. विस्मयाची नोंद झाली. शिक्षणाची आणि श्रमाची मात्र झाली नाही.

ही उणीव अपूर्ण राहिलेली लेणी काही अंशी भरून काढतात. अजिंठ्याचे लेणे क्रमांक २४ अर्धवट अवस्थेत थांबले. तेथे कातळात समांतर चर खोदून मधल्या भिंती नंतर फोडून काढण्याची पद्धत स्पष्ट दिसते. लेण्याचे काम छताकडून जमिनीकडे होत असे. या क्रमाचा एक लाभ म्हणजे उंच परांचीची गरज राहत नसे. दुसरा लाभ असा की, डोक्यावरचा कातळ आधी तपासून व घडवून झाल्याने खाली काम करणाऱ्यांवर सैल दगड पडण्याचा धोका घटत असे. वेरूळचे कैलास लेणे तर उघड्या डोंगरात वरून खाली कोरत नेलेले आहे. त्याच्या मागील बाजूचा कडा सुमारे १०७ फूट उंच आहे. एवढ्या खोलीचे काम करताना क्रम चुकला असता तर ती चूक दुरुस्त करण्यास वाव नव्हता.

हे ज्ञान अनुभवातून, आणि काही वेळा आघातातूनही, मिळालेले असावे. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक ४ मध्ये कातळातील दोषामुळे छताचा मोठा भाग निखळला आणि छत अधिक उंचीवर घ्यावे लागले. त्या वेळी खाली कोण होते हे सांगणारा लेख नाही. मात्र दगडातील 'शीर' ओळखणे ही केवळ सौंदर्याची बाब नसून जिवाची बाब आहे, हे त्या छताकडे पाहून आजही समजते.

कुटुंब हीच शाळा

मध्ययुगात सुट्या घडीव दगडांचे बांधकाम विकसित झाले. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर इ.स. १०६० मधील आहे. ज्या यादवकालीन मंत्री हेमाद्रीच्या नावावरून या शैलीला 'हेमाडपंती' म्हटले जाते, तो तेराव्या शतकातला. म्हणजेच चुन्याशिवाय दगडावर दगड बसविण्याची कला त्याच्या आधीच कित्येक पिढ्या प्रचलित होती. ती कोणा एका मंत्र्याच्या बुद्धीतून निघालेली नव्हती. कारागिरांच्या घराघरांतून ती वाढली होती.

पाथरवट, वडार, बेलदार आणि गवंडी या समाजांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले. वडार समाजातील गाडी वडार, माती वडार व जाते वडार हे भेदही कामाच्या विभागणीवरूनच पडलेले आहेत. मुलगा प्रथम हत्यारे उचलून देणे, कपऱ्या गोळा करणे, टाकीला धार लावण्यासाठी लोहाराकडे नेणे अशी कामे करी. या कामांतूनच त्याचे शिक्षण सुरू होई. टाकीला 'पाणी' कमी पडले तर तिचे टोक वाकते आणि जास्त झाले तर तुकडा उडतो, हे त्याला भात्यापाशी कळे. सुतकीचे घाव खाऊन टाकीचे डोके पसरले की त्याची कड घासून काढावी लागते, कारण तीच कड उडून डोळ्यात जाते, हेही तो तेथेच शिके.

दुसरा धडा कानाचा असे. दगडावर हलका ठोका मारल्यावर खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध समजावा. बद्द आवाज आला तर आत भेग आहे असे मानावे. दगड फोडताना एका रेषेत खाच्या पाडून त्यांत पाचरी बसवायच्या आणि एकाच पाचरीवर जोर न देता सर्वांवर क्रमाने बेताचे घाव घालायचे, म्हणजे दगड रेषेतच दुभंगतो. घाईने मारलेला घाव दगड वाया घालवितो आणि मारणाऱ्यालाही इजा करितो. मठारताना टाकी कोणत्या कोनात धरायची, कपऱ्या आपल्यापासून आणि शेजाऱ्यापासून दूर कशा उडतील, दोघांमध्ये किती अंतर असावे, या गोष्टी बैठकीच्या रीतीतच सामावलेल्या असत.

रचनेचे नियमही असेच दुहेरी होते. खालच्या थराचा सांधा वरच्या दगडाने मोडला पाहिजे. कोपऱ्याला मोठे व लांब चिरे हवेत. भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर हवेत. गाभा नुसत्या मातीने किंवा कपऱ्यांनी न भरता दगड बसवून भरला पाहिजे. आरपार दगड गाळले तर भिंतीला पोट येते व ती एके दिवशी बाहेरच्या अंगाला कोसळते. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ ही साधने वास्तूच्या सौष्ठवाइतकीच तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाच्या रक्षणाचीही साधने होती. रायगडावरील जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आढळते. त्या एका नावामागे असे शेकडो अनामिक शिकलेले हात उभे आहेत.

परंपरेच्या मर्यादा

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. हे शिक्षण जातीच्या चौकटीत बंदिस्त होते. मुलाला दुसरा व्यवसाय निवडण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता. पाट्या वाहणाऱ्या, खडी फोडणाऱ्या स्त्रियांना टाकी क्वचितच हाती मिळे. त्याहून महत्त्वाची मर्यादा म्हणजे ही परंपरा दिसणाऱ्या धोक्यापासून रक्षण करी. न दिसणाऱ्या धोक्याचे ज्ञान तिच्यापाशी नव्हते.

दगडाची बारीक धूळ हा तो न दिसणारा धोका होय. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात पाथरवटांच्या श्वसनविकारांची नोंद केली आहे. धुळीतील मुक्त सिलिका फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. त्याची लक्षणे बहुधा अनेक वर्षांनी दिसतात आणि झालेली हानी भरून येत नाही. काळ्या पाषाणात मुक्त सिलिकेचे प्रमाण अल्प असते. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात ते पुष्कळ असते. त्यामुळे काळ्या दगडावर हात बसलेला कारागीर पोटासाठी परप्रांतातील ग्रॅनाइट वा वालुकाश्माच्या खाणीवर गेला की त्याचे सारे कौशल्य त्याच्याबरोबर जाते. मात्र त्या दगडाच्या धुळीपासून जपण्याची शिकवण त्याच्या परंपरेत नसते.

फारकतीचा काळ : १८५४ ते १८६७

पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याकरिता अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा स्थापन झाली. १८६५ मध्ये तेथे आलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांनी वास्तुशिल्पाच्या शिक्षणाला चालना दिली आणि व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (१८७८ ते १८८८) अलंकरणात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा वाटा होता. या संस्थांचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांच्यामुळे आराखडा, गणित व पर्यवेक्षण हे शाळेत शिकण्याचे विषय ठरले, आणि दगड फोडणे व रचणे हे पूर्वीप्रमाणेच घरात शिकण्याचे काम राहिले. सुरक्षितता या दोहोंच्या मध्ये पडली. ती कोणाच्याच अभ्यासक्रमात आली नाही.

याचे परिणाम बोरघाटात दिसले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या या चढणीचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. त्यात २५ बोगदे होते. १८६१ च्या सुमारास कामगारांची संख्या ४० हजारांच्या पुढे गेली होती. सुरुंगाची भोके पाडण्यासाठी माणसे दोराने कड्यावर लटकत असत. कॉलरा आणि अपघात यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. एवढ्या मोठ्या मनुष्यबळात पिढीजात कारागीर थोडे आणि दुष्काळ वा दारिद्र्य यांमुळे आलेले नवखे मजूर अधिक असणे स्वाभाविक होते. ज्या कामाचे शिक्षण वर्षानुवर्षे चाले, ते त्यांनी मुकादमाच्या हाकेवर करावयाचे होते.

१८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला. त्यानंतर १८६० साली मालक-कामगार तंट्यांविषयीचा कायदा करण्यात आला. म्हणजे या कामातून निर्माण झालेला कायदा मजुरीच्या वादापुरता होता. जिवाच्या हमीचा प्रश्न त्यात आला नाही. पुढे जुलै १८६७ मध्ये याच घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. त्यानंतर मार्गावरील इतर बांधकामांची तपासणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणचे दगडकाम सदोष आढळले. घाईच्या आणि देखरेखीविना झालेल्या कामात बाहेरचे तोंड घडीव आणि गाभा मात्र कच्चा राहण्याची शक्यता असते, आणि घरच्या शाळेतला पहिला नियम नेमका त्याविरुद्धच होता.

कायदे आणि शिक्षण

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अपघातग्रस्त कामगाराला प्रथमच हक्काची भरपाई मिळू लागली. व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत पुढे सिलिकोसिसचाही समावेश झाला. परंतु वर्षानुवर्षे एका कामावरून दुसऱ्या कामावर फिरणाऱ्या पाथरवटाने आपला रोग कोणत्या मालकाच्या खाणीत जडला हे सिद्ध कसे करावे, हा प्रश्न उरला. १९५२ च्या खाण कायद्याने इमारती दगडाच्या ज्या उघड्या खाणींची खोली सहा मीटरपेक्षा अधिक नाही, जेथे एका दिवशी पन्नासपेक्षा अधिक माणसे नाहीत आणि स्फोटके वापरली जात नाहीत, त्यांना बहुतेक तरतुदींतून वगळले. १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. चार-पाच जणांच्या गवंडी टोळ्या त्यामुळे बऱ्याच वेळा कक्षेबाहेर राहिल्या. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने असे तेरा कायदे एकत्र आणले. त्यामुळे कायद्यांची संख्या घटली, पण लहान टोळीपर्यंत शिक्षण पोहोचविण्याचा प्रश्न स्वतंत्रच राहिला.

शिक्षणाच्या बाजूने १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा ही महत्त्वाची पावले होत. तथापि स्वातंत्र्योत्तर काळात वीट, सिमेंट व काँक्रीट यांचे प्राबल्य वाढल्याने दगडकाम बांधकामशिक्षणाच्या कडेला गेले. दुसरीकडे विजेवर चालणाऱ्या कटरने व ग्राइंडरने हातातील टाकीची जागा घेतली. टाकीने उडणारी कपरी डोळ्यांना दिसते. ग्राइंडरची धूळ कितीतरी अधिक, बारीक आणि सतत उडणारी असते. पाण्याचा फवारा, योग्य मुखपट्टी आणि डोळ्यांचे संरक्षण यांविना हे यंत्र कारागिराच्या हाती देणे म्हणजे जुने शिक्षण काढून घेऊन नवे न देणे होय.

समारोप

२०२५ साली मराठा लष्करी वास्तुरचनांतील १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या तटांच्या दुरुस्तीला घडीव दगड रचणारे हात लागणार आहेत. ते हात केवळ पिढीजात म्हणून गृहीत धरता येणार नाहीत. अनेक घरांतील पुढची पिढी या व्यवसायातून बाहेर पडली आहे आणि तो तिचा न्याय्य अधिकार आहे.

या विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, दगडकामातील सुरक्षितता कौशल्याला बाहेरून जोडण्याची गोष्ट नाही. शीर ओळखणे, सांधा मोडणे, टाकी धरणे यांतच ती आहे आणि म्हणून पहिल्या दिवसापासून शिकविली गेली पाहिजे. दुसरा, परंपरेने न दिलेले धुळीचे ज्ञान विज्ञानाकडून घेऊन त्या शिक्षणात मिसळले पाहिजे. तिसरा, हे शिक्षण जातीच्या व लिंगभेदाच्या चौकटीबाहेर, सर्वांसाठी खुले आणि प्रमाणित असले पाहिजे. अनुभवी पाथरवटाला शिक्षकाचा दर्जा व वेतन देऊन त्याला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर उभे केल्यास १८५४ च्या सुमारास पडलेले अंतर कमी होण्यास निश्चित मदत होईल. दगड टिकला, वास्तू टिकली; ती घडविणाऱ्याचे श्वास आणि डोळे टिकविणे हे आता शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरते.