सरळ कडेची गोष्ट

सुतारकामात सर्वांत अवघड काम कोणते, असे विचारले तर बहुतेक लोक नक्षीकाम म्हणतील. जाणता सुतार मात्र वेगळेच उत्तर देईल. तो म्हणेल, दोन फळ्या कडेला कड लावून अशा जोडायच्या की मधून उजेड दिसता कामा नये. ऐकायला सोपे वाटते. पण टेबलाचा माथा, कपाटाचे दार, चौरंग, देवघराची पाठ, यांतले काहीही एका फळीत होत नाही, कारण तेवढ्या रुंदीचे झाड आता मिळत नाही. दोन-तीन फळ्या जोडाव्याच लागतात. आणि जोड टिकायचा असेल तर दोन्ही कडा सरळ हव्यात. खरा जोर या सरळपणाचा असतो. सरस फक्त मदतीला.

हा विषय निघायचे कारण म्हणजे माझा पुतण्या. दिवसभर संगणकापुढे बसून कंटाळलेल्या या मुलाने घराच्या मागच्या खोलीत छोटा कारखाना मांडला आहे. परवा त्याचा फोन आला, "काका, जॉइंटर घ्यायचा म्हणतोय. सहा इंची घेऊ की आठ इंची? की आधी हाताचाच रंधा बरा?" आपल्या बाजारात या यंत्राला रंधा मशीन किंवा सरफेस प्लेनर म्हणतात, अमेरिकेत जॉइंटर. मी त्याला म्हटले, चार दिवस थांब. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो आधी दोन हजार वर्षे मागे जाऊन येतो. ही त्या प्रवासाची हकिकत.

प्राचीन इजिप्तच्या सुतारांकडे रंधा नव्हता. त्यांनी केलेल्या खुर्च्या आणि पेट्या आज संग्रहालयांत पाहिल्या तर विश्वास बसत नाही, पण ते सगळे काम वाकसाने तासून आणि वाळूच्या दगडाने घासून केलेले आहे. रंधा ठळकपणे दिसतो तो रोमन काळात. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत लोखंडी तळ असलेले रंधे सापडले आहेत. त्यांची ठेवण पाहिली तर आजचा सुतारही ते हातात घेऊन कामाला लागेल. तळ, तळाला चीर, चिरेतून जरासे डोकावणारे पाते आणि पाते घट्ट धरणारी पाचर. एवढाच सगळा संसार.

आपला 'रंधा' हा शब्द फारसी 'रंदा' वरून आला. फारसीत किसणीलाही जवळपास हाच शब्द आहे. खोबरे किसणारी आणि लाकूड किसणारा, दोघे एकाच घरातले! आपल्याकडे वाकसाचे काम मूळचे भारी, त्यात रंध्याची भर पडली.

आता रंध्याच्या लांबीचे गमक पाहू. फळीच्या कडेवर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खळगे असतात. रंधा आखूड असेल तर तो उंचवट्यावर चढतो, खळग्यात उतरतो आणि दोन्हीकडे सारखेच तासतो. कड गुळगुळीत होते, सरळ होत नाही. रंधा लांब असेल तर त्याचा तळ दोन उंचवट्यांवर पुलासारखा टेकतो आणि खळग्यापर्यंत पाते पोचतच नाही. आधी उंचवटे जातात, मग हळूहळू खळगेही संपतात, आणि शेवटी कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड ढलपी निघते. ती निघाली की समजावे, कड सरळ झाली. लंडनचा जोसेफ मॉक्सन याने १६७८ च्या सुमारास कारागिरीवर पुस्तक काढले. त्यात त्याने आधी जाडेभरडे तासणारा रंधा आणि मग कड सरळ करणारा लांब रंधा असा क्रम दिला आहे. या लांब रंध्याचे इंग्रजी नाव 'जॉइंटर'. म्हणजे जोडासाठी कड तयार करणारा. यंत्राला हे नाव पुढे वारशाने मिळाले.

यंत्राची कथा सुरू होते ती चमत्कारिक ठिकाणी. सॅम्युअल बेंथॅम हा प्रसिद्ध विचारवंत जेरेमी बेंथॅम याचा धाकटा भाऊ. १७८० च्या दशकात तो रशियात प्रिन्स पोटेमकिनच्या जहागिरीवर कारखाने सांभाळत होता. हाताखाली माणसे भरपूर, पण कसबी कारागीर फार थोडे. अडाणी हातांकडून नेमके काम कसे करून घ्यावे, हा त्याचा रोजचा प्रश्न. १७९१ साली इंग्लंडला परतल्यावर त्याने लाकूड रंधण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १७९३ साली त्याहून बरेच व्यापक दुसरे पेटंट घेतले. त्याच काळात थोरला भाऊ नव्या धर्तीच्या तुरुंगाची योजना मांडत होता. सॅम्युअलची यंत्रे त्या तुरुंगात कैद्यांनी चालवावीत, अशी दोघांची कल्पना होती. तुरुंग काही झाला नाही. पण यंत्रामागचा हेतू लक्षात घ्या. ज्याला सुतारकाम येत नाही, त्याच्याकडून सुतारकाम करून घेणे!

तुरुंगात जमले नाही ते आरमारात जमले. बेंथॅम आरमाराच्या बांधकामांचा प्रमुख झाला. त्याच्या पाठिंब्याने पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल याने आखलेली आणि हेन्री मॉडस्ले याने घडवलेली ४० हून अधिक यंत्रे बसली. गलबतांना दोरखंडासाठी लाकडी कप्प्या लागत, हजारोंच्या संख्येने. १८०८ साली या यंत्रांवर वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या निघत होत्या. पूर्वी ११० कसबी कारागीर करत ते काम आता १० साधे मजूर करू लागले.

नेमक्या याच काळात आपल्या मुंबईच्या गोदीत काय चालले होते? वाडिया घराण्यातले जमशेटजी बोमनजी मलबारच्या सागवानातून ब्रिटिश आरमारासाठी युद्धनौका बांधत होते. १८१० साली 'मिंडेन', १८१३ साली 'कॉर्नवॉलिस', १८१७ साली 'त्रिंकोमाली'. इथे ना वाफेचे यंत्र होते, ना फिरती पाती. वाकस, करवत, रंधा आणि माणसांचे हात. 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षे उलटून गेली. यंत्र श्रेष्ठ की हात, असा वाद कोणी घालू लागला की मला ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात. कप्प्या पोर्ट्समथच्या, जहाज मुंबईचे. दोन्ही एकाच आरमारात.

रंध्याच्या यंत्राकडे परत येऊ. १८०२ साली जोसेफ ब्रामा याने एका मोठ्या फिरत्या चकतीला पाती लावून लाकूड तासणारे यंत्र काढले. पण धंदा बदलला तो अमेरिकेत, विल्यम वुडवर्थच्या १८२८ च्या पेटंटने. त्याच्या यंत्रात फळी एकीकडून घातली की दुसरीकडून रंधून, शिवाय कडांना खाच आणि जीभ पाडून बाहेर येई. घरांच्या जमिनीला लागणाऱ्या फळ्या झपाट्याने होऊ लागल्या. पेटंटची मुदत चौदा वर्षांची. ती १८४२ साली सात वर्षांनी वाढली आणि मग काँग्रेसने खास कायदा करून आणखी सात वर्षे दिली. वुडवर्थ तर १८३९ सालीच वारला होता. फायदा झाला तो पेटंटचे हक्क विकत घेऊन बसलेल्या मंडळींचा. फळ्या रंधणाऱ्या प्रत्येकाकडून ते पैसे वसूल करत, न देणाऱ्यावर खटला भरत. हे खटले थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर १८५६ साली आणखी मुदतवाढ नाकारली गेली आणि लाकूड रंधणे मोकळे झाले. एका माणसाच्या कल्पनेवर अठ्ठावीस वर्षे!

पण वुडवर्थचे यंत्र कड सरळ करत नव्हते, फळी एका जाडीची करत होते. हा फरक पुतण्याला मी दोनदा समजावला, तुम्हालाही सांगतो. जाडी करणाऱ्या यंत्रात रूळ फळीला दाबून धरतात. फळीला पीळ असेल तर आत असताना ती सपाट होते, बाहेर आली की पुन्हा पिळते. पीळदार फळी घाला, गुळगुळीत पीळदार फळी मिळेल. पीळ काढायचा तर फळी न दाबता एका सरळ आधारावरून सरकवायला हवी. त्यासाठी दोन मेज आणि त्यांच्या मधे फिरणारी पाती अशी रचना १९ व्या शतकात रूढ झाली. पुढचा मेज पातळशा ढलपीइतका खाली, मागचा मेज पात्याच्या टोकाच्या बरोबर पातळीत. फळी पात्यावरून गेली की तिचा तासलेला भाग मागच्या मेजावर टेकतो आणि तोच पुढच्या भागाचा आधार होतो. जुना लांब रंधा उलटा करून, तळ वर ठेवून, त्यावरून फळी ढकलल्यासारखेच हे. पिंप बनवणारे कारागीर शतकानुशतके असा उलटा रंधा वापरत आले आहेत.

या यंत्राने बोटेही फार खाल्ली. सुरुवातीला पाती ज्या दांड्यावर बसवत तो चौकोनी असे. चौकोन फिरताना दांडा आणि मेज यांच्यामध्ये मोठी पोकळी राही, आणि घसरलेला हात त्या पोकळीत ओढला जाई. २० व्या शतकाच्या सुरुवातीला दांडा गोल झाला, पाती त्यात जेमतेम बाहेर डोकावतील अशी बसू लागली आणि पोकळी अगदी अरुंद झाली. इजा थांबली नाही, पण जिथे अख्खी बोटे जात तिथे टोकावर निभावू लागले. नुसता चौकोनाचा गोल केला, तर किती हात वाचले! अशा शोधांची नावे आपण पोरांकडून पाठ करून घेत नाही.

घरगुती कारखान्यात हे यंत्र आले ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. १९१९ साली हर्बर्ट टाउट्झ याने अमेरिकेत मिलवॉकी इथे डेल्टा कंपनी सुरू केली, आणि घरी छंद म्हणून काम करणाऱ्यांना परवडतील अशी छोटी यंत्रे बाजारात येऊ लागली. लहान जॉइंटर त्यातलाच. इथे इतिहासाने गंमत केली आहे. ज्यांना कसब नाही त्यांच्यासाठी बेंथॅमने यंत्र काढले, आणि आता ते विकत घेतो तो माणूस कसब शिकावे म्हणूनच खोलीत शिरलेला असतो.

म्हणून माझे मत असे. पहिली खरेदी लांब रंध्याची. बॉस्टनच्या लिओनार्ड बेलीने १८५० आणि ६० च्या दशकांत लोखंडी रंध्यात सुधारणा केल्या. १८६९ साली स्टॅन्ले कंपनीने त्या विकत घेतल्या आणि आजचे बहुतेक लोखंडी रंधे त्याच बेताचे आहेत. त्यातला सात नंबरचा २२ इंच लांब. तो चालवायला शिकले की लाकडाची रेषा कुठे उलटते हे हाताला कळते. यंत्रावर ते कानाला कळायच्या आत फळी फाटलेली असते.

महिन्याला दोन-चार फळ्या जोडायच्या तर एवढे पुरे. काम वाढले की यंत्र घ्यावे, आणि तेव्हा रुंदीइतकेच मेजाच्या लांबीकडे पाहावे. दोन्ही मेजांची मिळून जी लांबी, तिच्या साधारण दुप्पट फळी सरळ करता येते. घरच्या कामाला सहा इंची यंत्र चालते, पण त्याचे मेज लांब हवेत. विकत घेताना सरळ पट्टी बरोबर न्यावी, दोन्ही मेजांवर आडवी-तिरकी ठेवून उजेड दिसतो का पाहावे. मेज एकमेकांना समांतर नसतील तर बाकी सगळे गुण फुकट. पात्यावरचे झाकण नीट आपोआप मिटते का तेही पाहावे. एक फुटाहून आखूड तुकडा यंत्रावर घेऊच नये, तो रंध्यानेच करावा. आणि फळी ढकलायला लाकडी ठोकळा वापरावा, नुसता पंजा नाही.

पट्टी खरी सरळ आहे हे कशावरून, असे पुतण्याने विचारले. प्रश्न विचारणारा विद्यार्थी कोणत्याही वयात आवडतो! याचे उत्तर जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० साली ग्लासगोच्या विद्वत्सभेत लोखंडी पृष्ठभागांबद्दल सांगितले होते. दोन वस्तू एकमेकींशी तंतोतंत जुळल्या तरी एक फुगीर आणि दुसरी खोलगट असू शकते. पण तीन वस्तू घेतल्या आणि प्रत्येक जोडी आळीपाळीने जुळवली, तर तिन्ही सपाट असल्याशिवाय सुटका नाही. दोघांचे एकमत म्हणजे सत्य नव्हे, तिसरा हवा.

सुतारांची याहून जुनी युक्ती आहे. जोडायच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटून एकत्र धरायच्या आणि दोन्ही कडा एकदमच रंधायच्या. काटकोन थोडा चुकला तरी पुस्तक उघडल्यावर एकीची चूक दुसरीच्या चुकीत बरोबर बसते आणि जोड सपाट येतो. यंत्रावरही हेच करता येते. एका फळीचे तोंड कुंपणाला लावायचे, दुसरीची पाठ.

तुमच्या घरी माळ्यावर कुणा आजोबा-पणजोबांचा लांब लाकडी रंधा पडला असेल तर तो जळणात घालू नका. पाते काढून धार लावा, तळ पट्टीने तपासा, आणि एखाद्या फळीची कड धरा. अखंड ढलपी निघेपर्यंत थांबू मात्र नका.