जोतीरावांचे अखेरचे आजारपण व त्यांचे सोबती

आमच्या ज्ञातीची स्मरणिका निघावी आणि तिच्या पहिल्या पानावर जोतीराव फुले यांचे चित्र नसावे, असे सहसा घडत नाही. पागोटे, खांद्यावरील उपरणे व ती स्थिर नजर आमच्या घराघरांतील मुलांसही ओळखीची आहे. त्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला, हे व्याख्यानांतून इतके वेळा सांगितले गेले आहे, की पुन्हा सांगण्यास संकोच वाटतो. परंतु जुलै १८८८ पासून २८ नोव्हेंबर १८९० पर्यंतच्या सुमारे अठ्ठावीस महिन्यांविषयी आमच्यांतील जाणत्यांसही फारशी माहिती नसते. त्या काळात जोतीराव अर्धांगवायूने जर्जर झाले होते. हाती पैसा नव्हता आणि डोक्यात एक पुस्तक होते. ते पुस्तक पुरे कसे झाले, त्या दिवसांत त्यांच्याजवळ कोण उभे राहिले व कोण राहिले नाही, ह्याचा विचार ज्ञातिबांधवांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. ११ मे १८८८ रोजी मुंबईस मांडवी येथील कोळीवाड्यात मोठी सभा भरली व रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या हस्ते जोतीरावांस 'महात्मा' ही पदवी अर्पण करण्यात आली. नारायण मेघाजी लोखंडे व त्यांचे मुंबईकर सहकारी ह्या समारंभाच्या मागे होते. सभेस गिरणीकामगार, कारागीर, शेतकरी असे सामान्य जन लोटले होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी पुण्यास जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका आला व शरीराची उजवी बाजू निकामी झाली. ज्या हाताने 'गुलामगिरी' लिहिली, 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो हात लुळा पडला.

साठी उलटलेल्या माणसाचे हे दुखणे साधे नव्हते, आणि घरची स्थितीही पूर्वीची राहिली नव्हती. जोतीराव हे काही जन्मतः कंगाल गृहस्थ नव्हते. वाडवडिलांचा फुलांचा धंदा होता. पुढे त्यांनी स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली; खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. मांजरीस शेतीही केली. १८७६ ते १८८२ ह्या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. असा मिळवता मनुष्य उतारवयात अडचणीत का यावा? त्याचे उत्तर त्यांच्या जमाखर्चात नसून त्यांच्या स्वभावात आहे. आलेला पैसा शाळांत, घरी सांभाळलेल्या निराधार मुलांत, पुस्तकांच्या छपाईत व दुष्काळातील अन्नछत्रांत गेला. साठवणे हे क्रियापद त्यांना फारसे ठाऊक नव्हते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता त्यांच्या सोबत्यांकडे वळू. लेखक आजारी पडला म्हणजे लेखकांनी धावावे, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. परंतु जोतीरावांच्या बाबतीत लेखकांचे मंडळ म्हणजे नेमके कोणते, हाच पहिला प्रश्न उभा राहतो. पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा १८७८ साली भरली व पुन्हा १८८५ साली भरली. दुसऱ्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांजकडून जोतीरावांस गेले होते. जोतीरावांनी ते नाकारले. ज्यांच्या लेखनात शूद्रातिशूद्रांच्या दुःखास जागा नाही, त्यांच्या सभेत आपण बसून काय करावे, अशा आशयाचे त्यांचे परखड पत्र त्या वर्षी 'ज्ञानोदय' पत्रात छापले गेले. ह्या पत्राबद्दल आजही काही सुशिक्षित नाक मुरडतात. आम्हांस ते पत्र कठोर वाटते, पण अन्याय्य वाटत नाही. मात्र त्याचा एक परिणाम मान्य केला पाहिजे. तीन वर्षांनी आजारपण आले तेव्हा ग्रंथकारांच्या त्या मंडळाशी त्यांचा दुवा उरला नव्हता. तेथून मदत येईल अशी आशा जोतीरावांनी केली नसावी, आणि केली असती तर ते जोतीराव नव्हत.

तेव्हा त्यांचे खरे लेखकमंडळ निराळे होते. 'दीनबंधु' हे पत्र १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यास सुरू केले व पुढे मुंबईस लोखंडे यांनी ते चालविले. ह्या पत्राभोवती जमलेले लोक पंडित नव्हते. कोणी गिरणीत भांडारपाल, कोणी कंत्राटदार, कोणी शाळामास्तर. मुंबईतील व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू इत्यादी तेलुगूभाषक मंडळी तर मराठी ही आपली मातृभाषा नसताही ह्या चळवळीच्या छपाईस व प्रचारास हातभार लावीत होती. ह्या मंडळींत मतभेद नव्हते असेही नाही. 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला तेव्हा त्याचा सर्व मजकूर छापण्यास सत्यशोधकी पत्रकारच कचरले, हा इतिहास लपविण्याचे कारण नाही. तरी रागलोभ बाजूस ठेवून आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसणारे हेच लोक होते.

औषधोपचार केले ते डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. घोले हे नावाजलेले शस्त्रवैद्य, सरकारदरबारी मान असलेले व सत्यशोधक समाजाच्या अग्रणींपैकी एक. त्यांच्या उपचारांनी जोतीरावांचा जीव त्या वेळी वाचला व प्रकृतीस थोडा उतार पडला. परंतु उजवा हात परत आला नाही.

येथे जी गोष्ट घडली तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले. ज्याने साठ वर्षे उजव्या हाताने सर्व व्यवहार केले त्याने एकसष्टाव्या वर्षी डाव्या हाताने अक्षरे गिरवायची, म्हणजे पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायचे. मुलांना व प्रौढांना धुळाक्षरे शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या वाट्यास अखेरीस स्वतः धुळाक्षरे गिरवणे आले. अशा रीतीने 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' हा त्यांचा अखेरचा ग्रंथ १८८९ साली लिहून पुरा झाला.

हा ग्रंथ ज्यांनी उघडून पाहिला असेल त्यांच्या ध्यानी एक मौज आली असेल. ग्रंथ प्रश्नोत्तररूप आहे, आणि प्रश्न विचारणारी माणसे कल्पित गुरुशिष्य नसून बळवंतराव हरी साकवळकर, गोविंदराव गणपतराव काळे अशी नावागावाची माणसे आहेत. खुद्द दत्तक पुत्र यशवंतही त्यांत आहे. एकेक जण शंका काढतो आणि जोतीराव उत्तर देतात. सृष्टीचा निर्मिक, स्त्रीपुरुषांचे समान हक्क, जातिभेद, विवाह, मृत्यू असे विषय निघत जातात. आम्ही हा ग्रंथ वाचताना असे मनात येते, की आजाऱ्याच्या खोलीत रोज संध्याकाळी जी बैठक बसत असेल तिचाच हा पडसाद असावा. हे आमचे केवळ अनुमान होय. पण सोबत्यांची नावे त्यांनी ग्रंथात कायमची गुंफून ठेवली, एवढे तर डोळ्यांसमोर आहे.

ह्याच आजारपणात घरात एक मंगलकार्य झाले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचा विवाह हडपसरचे ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने लागला. ह्या विवाहाचे मोल आमच्या ज्ञातीस विशेष कळावे. यशवंत हा काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. फुले दांपत्याने १८७४ साली त्यास आपला म्हटले. अशा मुलास आपली मुलगी देणे हे त्या काळी आमच्या ज्ञातीत किती धैर्याचे होते, हे निराळे सांगावयास नको. आज आमच्या सभांतून जोतीरावांचा जयजयकार करणारे कित्येक जण मुलीच्या सोयरिकीच्या वेळी कूळ, गोत, पोटजात पाहतात! औषध, पैसा, शब्द अशी नाना प्रकारची मदत आजाऱ्यास झाली असेल. परंतु अंथरुणास खिळलेल्या बापाच्या मनावरील सर्वांत मोठे ओझे ससाण्यांनी उतरविले, असे आम्ही समजतो.

पैशाची विवंचना मात्र सुटली नाही. आता ज्या गृहस्थांनी लेखणी उचलली ते सत्यशोधक समाजाचे नव्हते. नारायण महादेव परमानंद, ज्यांना सारे मामा परमानंद म्हणत, हे मुंबईच्या प्रार्थना समाजाचे एक आधारस्तंभ आणि 'सुबोध पत्रिके'शी निगडित असलेले लेखक होते. प्रार्थना समाजावर जोतीरावांनी टीकेचे कोरडे ओढण्यात कुचराई केली नव्हती. शिवाय मामा स्वतःच वर्षानुवर्षे दुखणाईत होते. प्रकृतीमुळे सार्वजनिक व्यवहारातून निवृत्त होऊन ते घरी बसले होते, आणि तेथूनच एका हिंदी राजास उद्देशून राजधर्मावरील त्यांची प्रसिद्ध इंग्रजी पत्रे त्यांनी लिहिली. असा एक आजारी लेखक, ज्या पंथावर दुसऱ्याने टीका केली त्या पंथाचा, त्या दुसऱ्या आजारी लेखकासाठी ३१ जुलै १८९० रोजी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांस पत्र लिहितो, ही घटना आमच्या मते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जावयास हवी होती.

मामांनी त्या पत्रात केवळ दयेची याचना केली नाही. जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी शाळा काढल्या तेव्हा काय सोसले, ह्याची त्यांनी महाराजांस आठवण करून दिली. आणि पतीपेक्षाही पत्नीची थोरवी अधिक, असा सावित्रीबाईंविषयी अभिप्राय नमूद केला. त्या काळातील एखाद्या पुरुष लेखकाने असे लिहून ठेवावे, हे विरळा. बडोद्याशी जोतीरावांचा संबंध जुनाच होता. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी स्वतः सयाजीरावांस वाचून दाखविला होता, आणि महाराजांनी द्रव्यसाहाय्य केल्याचा कृतज्ञ उल्लेख त्या ग्रंथाच्या उपोद्घातात आहे. म्हणजे मामांनी अनोळखी दार ठोठावले नव्हते. ओळखीच्या दारापाशी, आजारी माणसाला जे स्वतः तोंडाने मागता येत नाही ते त्याच्या वतीने मागितले होते.

परंतु राजवाड्यातील कागद सावकाश चालतात. पत्र गेल्यास चार महिने पुरे होण्याच्या आतच जोतीरावांचे देहावसान झाले. बडोद्याची मदत पोहोचली ती त्यांच्या मागे, सावित्रीबाईंच्या काळात.

सत्यशोधकांचा राग येथे सयाजीरावांवर नाही, आमचाही नाही. आमचा प्रश्न निराळा व अधिक जवळचा आहे. मामा मुंबईहून लिहीत होते, मुंबईचे तेलुगू कंत्राटदार चळवळीचा भार उचलीत होते, घोले औषध देत होते. तेव्हा पुण्यातील आमची ज्ञाती काय करीत होती? ज्या ज्ञातीच्या पंचांच्या व शेजाऱ्यांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी १८४९ साली मुलास व सुनेस घराबाहेर काढले, ती चाळीस वर्षांत किती बदलली होती? व्यक्ती म्हणून ससाण्यांसारखे अनेक जण पुढे आले, हे खरे. परंतु ज्ञाती म्हणून ठराव करून, वर्गणी जमवून ती जोतीरावांपाशी गेली, असे सांगता आले असते तर ह्या स्मरणिकेत ते आम्ही मोठ्या अक्षरांत छापले असते.

उलट जे घडले ते सर्वविश्रुत आहे. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून यशवंतास वारस नेमले होते. अंत्ययात्रा निघाली तेव्हा भाऊबंदांनी दत्तकाच्या अधिकारास हरकत घेतली व टिटवे कोणी धरावे ह्यावरून वाद माजला. प्रेत दारात, आणि वाद वारसाचा! तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे आपल्या हाती घेतले व त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या. आपला देह पुरावा, अशी जोतीरावांची इच्छा होती व घरामागे त्यासाठी खड्डाही तयार होता. परंतु वस्तीत पुरण्यास परवानगी न मिळाल्याने दहन करावे लागले आणि अस्थी त्या जागी आणून ठेवण्यात आल्या. पुण्यातील गंज पेठेतील वाड्यात, जी पेठ आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते, ती समाधी आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल.

डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ लेखकाच्या हयातीत छापला गेला नाही. यशवंतराव त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचे होते. पित्याच्या मृत्यूनंतर १८९१ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. मामा परमानंद १८९३ साली निवर्तले. त्याच वर्षी सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद सावित्रीबाईंनी भूषविले, आणि १८९७ च्या मार्चात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच साथीत त्यांनी देह ठेवला. जोतीरावांचे समग्र वाङ्मय एकत्र छापून निघण्यास १९६९ साल उजाडावे लागले. ते काम राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने केले. आमच्या ज्ञातीने नव्हे.