निकाल १९९० चा, सही १९८७ ची: सिस्कोचे संस्थापक बाहेर कसे गेले

फाउंडरला त्याच्याच कंपनीतून बाहेर काढलं, असं म्हटलं की सगळ्यांना स्टीव्ह जॉब्स आठवतात. १९८५, ॲपल, जॉन स्कली. ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. आज मी त्याच सिलिकॉन व्हॅलीतली, पाच वर्षांनंतरची दुसरी गोष्ट सांगणार आहे. कंपनीचं नाव सिस्को. ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये हे नाव मी रोज बघतो, पण ही कंपनी कोणी काढली हे नोकरीला लागून दोन वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं.

लेन बोसॅक आणि सँडी लर्नर. नवरा-बायको. दोघंही स्टॅनफर्ड विद्यापीठात कॉम्प्युटर सांभाळायचे. बोसॅक कॉम्प्युटर सायन्स विभागाचे, लर्नर बिझनेस स्कूलचे. दोन इमारतींमधून एकमेकांना ईमेल पाठवता यावी म्हणून या दोघांनी राउटर शोधला, अशी एक गोड गोष्ट सांगतात. खरं तर स्टॅनफर्डचा राउटर अनेकांच्या मेहनतीतून उभा राहिला. त्यातलं मूळ सॉफ्टवेअर बिल यीगर यांचं होतं, तर बोर्डचं डिझाइन अँडी बेख्टोल्सहाइम यांचं. पण ही वस्तू बाहेर विकता येईल, हे ओळखून बोसॅक आणि लर्नर यांनी डिसेंबर १९८४ मध्ये कंपनी काढली. घर गहाण टाकलं, क्रेडिट कार्डं वापरली. विद्यापीठाशी वाद झाला, १९८६ मध्ये बोसॅक यांना नोकरी सोडावी लागली आणि १९८७ मध्ये स्टॅनफर्डने सिस्कोला रीतसर लायसन्स दिलं.

आता धंदा वाढवायला पैसा हवा होता. बऱ्याच गुंतवणूकदारांनी नकार दिला. शेवटी १९८७ च्या अखेरीस सिकोया कॅपिटलचे डॉन व्हॅलेंटाइन तयार झाले. रक्कम सुमारे २५ लाख डॉलर, बदल्यात जवळपास एक तृतीयांश हिस्सा. व्हॅलेंटाइन चेअरमन झाले. वरची मॅनेजमेंट टीम आणायचं कामही त्यांच्याकडे गेलं. आणि संस्थापकांचे स्वतःचे शेअर्स चार वर्षांच्या वेस्टिंगला बांधले गेले. म्हणजे काय, तर शेअर तुमच्या नावावर आहेत, पण ते पूर्णपणे तुमचे व्हायला तेवढी वर्षं कंपनीत टिकायला हवं.

माझ्या मते गोष्ट इथेच संपली होती. पुढची तीन वर्षं फक्त अंमलबजावणीची होती.

१९८८ मध्ये व्हॅलेंटाइन यांनी जॉन मॉर्ग्रिज यांना सीईओ म्हणून आणलं. एक मात्र मान्य करायला हवं, की माणूस कामाचा होता. १९८७ च्या आर्थिक वर्षात सिस्कोची विक्री होती सुमारे १५ लाख डॉलर, १९९० मध्ये ती सुमारे ७ कोटींवर गेली. विक्री, हिशेब, उत्पादन, प्रत्येक खात्यावर अनुभवी माणसं बसली. लर्नर यांच्याकडे ग्राहकसेवा होती. ग्राहकाचं नेटवर्क बंद पडलं की त्या आपल्याच लोकांवर तुटून पडायच्या. बोलणं तिखट, मागे हटणं माहीत नाही. ग्राहकांना हे आवडायचं, नव्या मॅनेजरांना नाही.

फेब्रुवारी १९९० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. त्याच उन्हाळ्यात सात वरिष्ठ अधिकारी व्हॅलेंटाइन यांच्याकडे गेले आणि म्हणाले, एक तर त्या जातील, नाही तर आम्ही. २८ ऑगस्ट १९९० ला लर्नर यांना काढण्यात आलं. हे कळताच बोसॅक यांनी राजीनामा दिला. चार वर्षं अजून पूर्ण व्हायची होती. पुढे दोघांनी आपले शेअर्स सुमारे १७ कोटी डॉलरला विकले आणि त्यातला मोठा भाग दानधर्मासाठी ठेवला. मार्च २००० मध्ये हीच कंपनी ५० हजार कोटी डॉलरच्या पुढे जाऊन काही काळ जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी ठरली.

मग चूक कोणाची? व्हॅलेंटाइन यांना खलनायक करणं सोपं आहे. पण सात अधिकारी एकदम गेले असते तर नुकतीच लिस्ट झालेली कंपनी कोसळलीही असती. मला वाटतं, लर्नर यांना काढायला हवं होतं की नाही हा एक प्रश्न आणि ते ठरवायचा हक्क कोणाकडे होता हा दुसरा. आपण नेहमी पहिल्यावर भांडतो. फाउंडर हे बिरुद आहे, पद नाही. भागधारक मतं देऊन डायरेक्टर निवडतात, डायरेक्टर सीईओ नेमतात, आणि बाकी सगळे, अगदी कंपनी काढणारेसुद्धा, सीईओच्या हाताखालचे नोकरदार. लर्नर यांच्या हातात ग्राहक होते, मतं नव्हती.

पुढच्या पिढीने हे गणित उलटं करून पाहिलं. २००४ मध्ये गुगल बाजारात आली तेव्हा संस्थापकांकडच्या एका शेअरला दहा मतं होती. पण तेही औषध जालीम आहे. वीवर्कच्या ॲडम न्यूमन यांच्याकडे अशीच जास्तीची मतं होती आणि त्यांना वेळेत आवरणारं कोणी नव्हतं. २०१९ मध्ये आयपीओ मागे घ्यायची पाळी आली आणि न्यूमन यांना सीईओपद सोडावं लागलं. म्हणजे मतं एकाच बाजूला साचली की बाजू कोणतीही असो, बिल कंपनीच्या नावावर फाटतं.

मी काही फाउंडर नाही, साधा इंजिनिअर आहे. तरी हा एपिसोड तयार करताना एका रात्री मी माझं ईसॉपचं पत्र काढून बसलो. जॉइन होताना दोन मिनिटांत सही केली होती. चार वर्षांचं वेस्टिंग, त्याखाली बारीक अक्षरात अटी: नोकरी सुटली तर काय, कंपनी विकली तर काय, कोणता निर्णय बोर्डाच्या मर्जीवर. पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. सही करून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

तुमचंही असं पत्र एखाद्या फोल्डरमध्ये पडलं असेल, तर आज रात्री ते उघडा. भेटू पुढच्या भागात.