अनुल्लेखित मूलभूत हक्क (भारत)

संविधानात नावानिशी नोंद नसतानाही न्यायालयांनी मूलभूत म्हणून मान्य केलेले हक्क. यादीत नसलेले जनतेचे हक्कही अबाधित राहतील, अशी स्पष्ट तरतूद अमेरिकेत १७९१ च्या नवव्या घटनादुरुस्तीने झाली. भारतीय संविधानात असे कलम नाही. येथे हे हक्क मुख्यतः अनुच्छेद २१ च्या अन्वयार्थातून मान्य झाले. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे हा अनुच्छेद सांगतो.

ए. के. गोपालन खटल्यात (१९५०) सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ चा अर्थ संकुचित ठेवला : रीतसर संमत झालेला कायदा असला की पुरे. पुढे कारणे न देता पासपोर्ट जप्त झाल्याने मेनका गांधी न्यायालयात गेल्या. त्या खटल्यात (१९७८) कार्यपद्धती न्याय्य, रास्त व वाजवीही असली पाहिजे, असे ठरले आणि पुढील हक्कांना पाया मिळाला. बिहारच्या तुरुंगांत काही कच्चे कैदी संभाव्य शिक्षेहून अधिक काळ खितपत पडले होते. त्यांच्याविषयीच्या हुसैनारा खातून खटल्यात (१९७९) जलद सुनावणीचा हक्क मान्य झाला.

मुंबईतील पदपथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला (१९८५) या विषयात विशेष महत्त्वाचा आहे. ही माणसे कामाच्या ठिकाणाजवळ मिळेल त्या जागी राहत होती. झोपडी हटली की रोजगारही जाणार होता. उपजीविकेचे साधन काढून घेणे म्हणजे जगणेच काढून घेणे, हे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या न्यायपीठाने मान्य केले. तथापि पदपथावर राहण्याचा हक्क मान्य झाला नाही. पावसाळा संपेपर्यंत झोपड्या न हटवण्याचा आदेश मिळाला. हक्क मान्य होणे आणि प्रत्यक्ष दिलासा मिळणे यांतील अंतर या निकालात ठळकपणे दिसते.

काही हक्क पुढे संविधानातच नोंदले गेले. उन्नीकृष्णन निकालात (१९९३) चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मान्य झाला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपुरता अनुच्छेद २१-क मध्ये आला. याउलट काही हक्क न्यायनिर्णयातूनच मान्य झाले : पूर्वी खरक सिंग खटल्यात बहुमताने नाकारलेला खासगीपणाचा हक्क नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात (२०१७) एकमताने मान्य केला.

हे हक्क निरपवाद नाहीत. खासगीपणावरील निर्बंधाला कायद्याचा आधार आणि वैध हेतू असावा लागतो, तसेच तो त्या हेतूच्या प्रमाणात असावा लागतो. नवा दावा प्रत्येक वेळी मान्य होतोच असेही नाही : विवाहाचा बिनशर्त मूलभूत हक्क नाही, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.