आमच्या प्रांतांतील वाचनालयें

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. म्हणून येथील सार्वजनिक वाचनालयांचा पूर्ववृत्तांत शोधूं जातां वाट परभणीकडे वळते. तेथें १९०१ सालीं गणेश वाचनालय स्थापन झालें.

तो काळ निजामी राजवटीचा. १८८४ पासून दरबारची भाषा उर्दू झाली होती, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतही शिक्षणाचें माध्यम उर्दूच ठरलें. घरीं आणि बाजारांत मराठी बोलणाऱ्या मनुष्याची भाषा कचेरीच्या दारीं थांबे. पुढें 'गश्ती निशाण ५३' या हुकुमानें सभा भरविण्यासही सरकारची परवानगी लागूं लागली. अशा स्थितींत चार माणसांनीं एकत्र बसून मराठी वृत्तपत्र वाचावें, एखादें पुस्तक घरीं न्यावें, हें वरवर साधें दिसणारें कृत्य भाषा जिवंत राखण्याचें कार्य होतें. खुद्द हैदराबाद शहरांतील मराठी जनांनींही १९२२ सालीं आपलें मराठी ग्रंथसंग्रहालय उभारलें, तें याच भावनेनें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान भारतांत विलीन झालें. हैदराबाद राज्यानें १९५५ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. स्वतंत्र भारतांत मद्रासच्या १९४८ च्या कायद्यामागून आलेला तो दुसरा. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि पुढें महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा येथें लागू झाला. मद्रासच्या कायद्यांत ग्रंथालयांसाठीं कर होता. महाराष्ट्राच्या कायद्यांत तो नाहीं. येथें बहुतेक वाचनालयें लोकांच्या संस्था चालवितात, आणि सरकार त्यांस अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देतें. सरकारचा हात साहाय्याचा. पाया मात्र सभासदांचाच.

याच जिल्ह्यांतील नरसी हें गांव परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. त्यांचीं पदें शिखांच्या ग्रंथसाहिबांत आहेत. नरसीपासून पंजाब केवढा दूर! तरीही तीं शतकानुशतकें टिकलीं. कारण कोणी तरी तीं लिहून ठेविलीं, आणि कोणी तरी नित्य वाचलीं.

वाचकहो, शब्दाचें आयुष्य असें वाचणाराच्या हातीं असतें. आपल्या मोहल्ल्यांतील वाचनालयाची वर्गणी वेळेवर द्यावी, नेलेलें पुस्तक वेळेवर परत करावें, आणि जातांना एखादें मूल बरोबर न्यावें. ज्या दारीं वाचक येत नाहीं, तेथें अनुदान आलें तरी केवळ कपाटें उरतात.