रेखांश माणसानेच सांगायचा

दिवाळीत नरखेडला गेलो होतो. मामांच्या मळ्यात आंबियाची संत्री उतरत होती आणि पोरं मोबाईलवरचा निळा ठिपका दाखवत होती, "आजोबा, आपण इथे!" मामा हवाई दलात जग्वार विमानांच्या इन्स्ट्रुमेंट विभागात होते. ठिपका पाहून म्हणाले, "हे त्याले वरून कोणीतरी सांगते. आमच्या विमानाले सोताच समजून घ्या लागे."

कसं, हे विचारायला मला इतकी वर्षं लागली!

जग्वार आपल्याकडे 1979 मध्ये आलं, ते ब्रिटिश दिशादर्शक यंत्रणा घेऊन. 1980 च्या दशकात हवाई दल, एचएएल आणि डीआरडीओ यांनी मिळून तिच्या जागी 'डॅरिन' बसवली. त्यात फ्रान्सच्या साजेम कंपनीची इनर्शियल यंत्रणा होती, मध्ये संगणक, आणि सगळ्या उपकरणांना एकमेकांशी बोलायला एकच सामायिक तार. पुढे सुखोईत रशियन, फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय उपकरणं एकत्र नांदली, त्याची शाळा मला वाटतं इथेच भरली.

उड्डाणाआधी विमान काही मिनिटं स्तब्ध उभं ठेवायचं. हेच अलाइनमेंट. विहिरीजवळ गवंडी भिंत बांधत होता, त्याच्या ओळंब्याकडे बोट दाखवून मामा म्हणाले, "पहिलं काम हेच." गुरुत्वाकर्षणावरून 'खाली' कुठे ते यंत्र ठरवतं. मग त्यातले जायरो, म्हणजे आपले भोवरेच, पृथ्वीचं फिरणं टिपतात. ते तासाला फक्त 15 अंश! आपण संत्री सोलत बसलेलो असताना नरखेड मात्र ताशी 1,550 किलोमीटरच्या आसपास वेगाने पूर्वेकडे निघालेलं असतं. त्या फिरण्याच्या दिशेवरून यंत्राला उत्तर सापडते, होकायंत्राशिवाय.

एकदा उडालं की प्रत्येक धक्का, प्रत्येक वळण मोजून संगणक वेग काढतो आणि वेगावरून जागा. बाहेर बघत नाही, कोणाला विचारत नाही. म्हणून सुरुवातीची बारीक चूकही वाढत जाते. चांगल्या यंत्रणेचंही तासाभरात दीड-दोन किलोमीटर इकडेतिकडे व्हायचं.

आणि आता गंमत. अक्षांश चुकीचा भरला तर यंत्राला संशय येतो, कारण पृथ्वीच्या फिरण्याचा किती भाग उभा जाणवतो त्यावरून तो ताडता येतो. रेखांश मात्र कुठल्याच भोवऱ्याला कळत नाही. तो माणसानेच सांगायचा. ते आकडेही माणसांनीच मैलोगणती चालून मिळवलेले. विल्यम लॅम्बटन 1802 मध्ये मद्रासहून हिंदुस्थान मोजायला निघाला आणि 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. तिथे त्याची कबर आहे. नरखेडहून फार लांब नाही, तरी आमच्यापैकी कोणी पाहिलेली नाही.

"कधी चुकलं का?" मी विचारलं.

मामा बराच वेळ संत्र्याच्या शिरा काढत बसले. एका पहाटे त्यांनी रेखांशाचे दोन आकडे उलटसुलट भरले होते. दिवा हिरवा लागला, यंत्र बिनतक्रार तयार. वैमानिकाने आपल्या गुडघ्यावरच्या कागदाशी ताडून पाहिलं म्हणून निभावलं. तो काही बोलला नाही, नुसतं परत भरायला सांगितलं.

"कोणता तळ?" हे मी विचारलं नाही. मामींना मात्र ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदाच कळली.